लगडीवरची हळद

नोकरीतली बरीचशी प्रकरणं आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोणता चोर कोणत्या थान्यातला, म्हणजे पोलीस ठाण्यातला, असं कुणी विचारलं तर मी गोंधळते. पण काळ्या मण्यांचा डबा माझ्या टेबलावर आला ते प्रकरण मात्र जसंच्या तसं डोळ्यांपुढे उभं राहतं. सांगते, पण नाव कुणाचंच घेणार नाही. नावं घेतली की लोक तेवढीच धरून बसतात.

माझं शिक्षण अकरावी. आरक्षक, म्हणजे शिपाई, म्हणून भरती झाले, खात्याच्या परीक्षा घरची पोळी-भाजी उरकून दिल्या आणि उपनिरीक्षक होऊन निवृत्त झाले. तेव्हा मी इंदूरच्या सराफ्याला लागून असलेल्या थान्यात होते. सराफ्यातलं आमचं काम ठरलेलं असायचं. कुणाचं वजन कमी भरलं, कुणाचा दागिना बदलला गेला, कुणी चोरीचा माल घेतला. सकाळी हजेरी, मग रोजनामचा, मग बाजारात एक चक्कर. त्या चकरेत जे कळतं ते कुठल्याही कागदात सापडत नाही, हे मी नव्या पोरींना कायम सांगत आले.

एके दुपारी एक माणूस दारात येऊन उभा राहिला. पन्नाशीचा असेल, हाताची बोटं भट्टीने काळवंडलेली. सांगलीकडचा गलाईवाला. आमच्याकडे सराफ्यात हे लोक पुष्कळ. जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून द्यायचं, त्याला गलाई म्हणतात. देशात जिथे सराफा आहे तिथे हे लोक आहेत, आणि चार पिढ्या परमुलुखात काढूनही बोली तिकडचीच.

त्याने पिशवीतून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला आणि झाकण उघडलं. आत काठोकाठ कागदी पुड्या, वरची उघडलेली, तिच्यात काळे मणी. मंगळसूत्राचे.

"म्याडम, तक्रार न्हाई माझी," तो म्हणाला. "नुस्तं दाखवाया आलोय."

"काय आहे हे?"

"दोन म्हैन्यात एवढी मंगळसूत्रं गलाईला आली, एकाच गिऱ्हाइकाकडनं. आता एक तर एवढ्या बाया एकदम विधवा झाल्या, न्हाईतर चोरीचा माल हाय. तिसरं काय आसतंय, तुमीच सांगा."

मी त्याला बसवलं, चहा मागवला. त्याने सांगितलं ते असं. मंगळसूत्र गलाईला आलं की आधी मणी ओवलेले असतील तर सोडवायचे आणि पुडीत बांधून गिऱ्हाइकाला परत द्यायचे. भट्टीत घालायचे नाहीत, केरात टाकायचे नाहीत. हा त्यांच्या दुकानातला आजोबांपासूनचा रिवाज. या गिऱ्हाइकाला त्याने पहिली पुडी दिली, तर तो म्हणाला, "फेक दो यार, काय कामाचे?"

"ज्याच्या घरातलं हाय त्यो आसं म्हनंल का, म्याडम? मी फेकलं न्हाईत. डबा भरत गेला तशी माझी झोप उडाली."

लक्षात घ्या, ते गिऱ्हाईक त्याला दर आठवड्याला काम देत होतं. रोख मजुरी, कटकट नाही. असं गिऱ्हाईक स्वतःच्या हाताने थान्यात आणून सोडायला काळीज लागतं. नोकरीत मी मोठमोठी पदकं लावलेली माणसं पाहिली, पण त्या गलाईवाल्याला मनातल्या मनात मी तेव्हाच एक सलाम ठोकला.

पहिली चूक माझीच. मी धरून चालले की हा साखळीचोरांचा माल. आठ दिवस आम्ही शहरभरच्या तक्रारी चाळल्या. काही जुळेना. शेवटी गलाईवाल्यानेच मला अडवलं. "म्याडम, हिसकलेलं मंगळसूत्र तुटल्यालं आसतंय. कडी वाकल्याली, वाटी चेपल्याली. माझ्याकडं आलेल्या एकाचीबी कडी वाकडी न्हवती. फासा नीट काडल्याला." म्हणजे ही मंगळसूत्रं बायकांनी स्वतःच्या हाताने गळ्यातून काढून दिली होती. पण कुणाला? आणि का?

उत्तर मला माझ्या जावेकडे मिळालं. ती राजेंद्र नगरातल्या मराठी कॉलनीत राहते. संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, मी ड्यूटी करून साडी बदलून गेले. पोलिसातल्या बाईचा डोळा हळदीकुंकवातही स्वस्थ बसत नाही. बघते तो सात-आठ जणींच्या गळ्यात एक ग्रॅमचं नकली मंगळसूत्र. सोन्याचं पाणी दिलेलं, वर्षात काळं पडणारं. आणि या काही गरिबाघरच्या नव्हेत. कुणाचा नवरा बँकेतून निवृत्त, कुणाचा कॉलेजात. त्यांच्यात ब्लाउज शिवणारी एक वहिनी होती, सगळ्या कॉलनीची लाडकी, एकटी दोन मुलांना वाढवणारी. तिच्या हातात सासूच्या पाटल्या मी कायम पाहिलेल्या. त्या दिवशी हात मोकळे.

"वहिनी, पाटल्या कुठे गेल्या?" मी सहज विचारलं.

"कामाला गेल्यात!" ती हसत म्हणाली, आणि सगळ्याच हसल्या. "मी मशीनवर बसते, आणि त्या काय कपाटात नुसत्या लोळणार? त्यांना म्हटलं, चला, तुम्ही पण कमवा."

मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या. कॉलनीच्या हॉलमध्ये दर रविवारी एक 'सर' येतात. पैसा म्हणजे काय ते शिकवतात. घरातलं सोनं त्यांच्याकडे द्यायचं, ते त्याच्या लगडी करून कॉलनीतल्या आपल्या केंद्राच्या तिजोरीत ठेवतात आणि बदल्यात सुवर्णपत्र देतात, अमुक इतक्या ग्रॅमचं. वर्षाला त्यावर थोडं सोनं वाढतं. कॉलनीतला किराणावालासुद्धा ते पत्र घेतो.

"आणि तुम्ही विश्वास कसा ठेवला?"

"बाईंनीच तर आणलं ना त्यांना!" वहिनी म्हणाली.

या बाई म्हणजे कॉलनीतल्या निवृत्त शिक्षिका. होळकरांच्या काळापासून दफ्तरात नोकऱ्या केलेल्या घराण्यातल्या. अर्धी कॉलनी त्यांच्याकडे वाणिज्य शिकलेली. लग्न केलं नाही, कुणाकडून चहाच्या पुडीएवढं फुकट घेतलं नाही. बाईंनी "बरा माणूस आहे" म्हटलं की झालं.

पुढच्या रविवारी मी हॉलमध्ये मागच्या खुर्चीवर जाऊन बसले. गलाईवाल्याने वर्णन केलेलं गिऱ्हाईक ते हेच, हे सर दिसताच कळलं. आता खरं सांगते, त्या माणसाने जे शिकवलं त्यातलं बहुतेक खरं होतं, आणि इतकं सोपं करून मला आयुष्यात कुणी शिकवलं नव्हतं. त्याने खिशातून पाचशेची नोट काढली आणि एका आजोबांना वर काय लिहिलंय ते वाचायला लावलं. धारकाला पाचशे रुपये अदा करण्याचं वचन देतो. "ठीक," सर म्हणाले, "आता ही घेऊन बँकेत गेलात आणि म्हणालात, वचन पाळा, तर काय देतील?" आजोबा म्हणाले, "दुसरी नोट." सगळा हॉल हसला. मग त्याने सांगितलं, एके काळी चांदीचा कलदार रुपया चालायचा, त्यात चांदीच असायची. मग लोक सराफाकडे सोनं ठेवून चिठ्ठी घ्यायला लागले, ती चिठ्ठीच बाजारात फिरायला लागली, तीच नोटेची आजी. पुढे नोटेमागचं सोनं गेलं, नुसतं वचन राहिलं. "मी तुम्हाला," तो हात जोडून म्हणाला, "वचनामागचं सोनं परत देतोय." आणि सुवर्णपत्रावर छापलेलंच होतं की प्रत्येक केंद्राचं सोनं त्याच केंद्राचं, दुसऱ्या केंद्रात मिसळलं जाणार नाही.

मीसुद्धा घरी येऊन माझ्या बांगड्यांकडे एकदा बघितलं. खोटं कशाला बोलू.

आमच्या थान्याचे प्रमुख, टीआय साहेब, त्यांना सगळं सांगितलं. ते पक्के इंदूरी. म्हणाले, "मॅडम, फरियादी कहाँ है? सब औरतें खुश हैं. ऊपर से अपना इलाका भी नहीं. किस बात की एफआयआर लिखूँ, मणी की?"

त्यांचंही बरोबर होतं. तक्रार नाही तर गुन्हा नाही. आणि मी नुसती चौकशी करत फिरले असते तरी बोभाटा झाला असता. सगळ्या बायका एका दिवशी सोनं मागायला धावल्या असत्या आणि सर पहिल्या गाडीने पसार. मग सोनं गेलं ते गेलंच.

तेव्हा मी बाईंच्या घरी गेले. डबा सोबत नेला. टेबलावर ठेवला आणि गलाईवाला म्हणाला ते शब्दशः सांगितलं. बाईंनी चष्मा लावला, एक मणी उचलला, परत ठेवला.

"फेक दो म्हणाला?"

"हो."

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाल्या, "अगं, माझा शब्द म्हणून दिलंय गं त्यांनी. माझं नाव गेलं तर जाऊ दे. त्या शिलाईवाल्या पोरीच्या पाटल्या गेल्या तर मी काय करू?"

दुसऱ्याच दिवशी त्या सरांकडे गेल्या. त्यांनी स्वतःची वीस ग्रॅमची चेन दिलेली होती. म्हणाल्या, अडचण आहे, माझं सोनं परत द्या. त्याने हसत, चहा पाजून, वीस ग्रॅमचा तुकडा त्यांच्या हातावर ठेवला.

मी म्हटलं, "बाई, मग माणूस खरा म्हणायचा की काय?"

बाईंनी माझ्याकडे असं बघितलं जसं नापास मुलीकडे बघतात. "एकीला दिलं म्हणजे सगळ्यांना देता येईल असं कुठे आहे? उलट त्याने मला मुद्दाम लगेच दिलं. मी सगळीकडे सांगेन म्हणून. अगं, हिशोब त्याच्या हातात, तिजोरी त्याच्या हातात. आपल्याला एकच बघायचं, राजेंद्र नगरचं सोनं राजेंद्र नगरातच राहतं की गावभर फिरतं."

गलाईवाल्याकडून एवढं कळलं होतं की लगडींवर नंबर घालू नका असं गिऱ्हाइकाने बजावलं होतं. नुसता सूर्याचा ठसा. म्हणजे एक लगड दुसरीहून ओळखायची सोय नाही. आणि माझ्या एका महिला आरक्षकाने खजराना भागातून बातमी आणली की सरांचं तिथेही केंद्र आहे, सगळी हिंदी बोलणारी मंडळी, आणि येत्या गुरुपुष्याला संध्याकाळी तिथे सोन्याचं दर्शन आहे. राजेंद्र नगरात त्याच दिवशी सकाळी होतं. गुरुपुष्याच्या मुहूर्तावर सोनं घेतात ना, म्हणून लोकांना सोनं दाखवून नवं सोनं गोळा करायचं.

"खूण करायची," मी म्हटलं. "पण कशी? फोन आधीच काढून घेतात. हातात धरायला देतात, तेवढ्यात परत घेतात. ओरखडा काढला तर लगेच दिसेल."

बाई उठल्या आणि स्वयंपाकघरातून हळदीची वाटी घेऊन आल्या.

"पिवळ्यावर पिवळं," त्या म्हणाल्या. "कुंकू लावलं तर पुसून टाकेल, दिसतं ना ते. हळद ठशाच्या रेघांत बसली तर सोन्यावर कुणाला दिसणार?"

"मग मला तरी कशी दिसणार, बाई?"

"तुझ्या आजीने घरी कुंकू केलेलं पाहिलंस का कधी?"

मी पाहिलं होतं. हळदीला चुना लागला की ती लाल होते.  चाळीस वर्षं वाणिज्य शिकवलेली बाई, आणि सोन्याची परीक्षा पानवाल्याच्या चुन्याने करायला निघाली होती.

गुरुपुष्याच्या सकाळी राजेंद्र नगरच्या हॉलमध्ये बाई सगळ्यांच्या पुढे. टेबलावर मखमलीवर दहा लगडी मांडलेल्या. बाई सरांना म्हणाल्या, "आमच्यात आज सोन्याची पूजा करतात. हळद-कुंकू तर लावायलाच हवं." सर जरा कचरले. पण चाळीस बायका "हो, हो" म्हणत वाट्या घेऊन पुढे झाल्यावर कोण नाही म्हणणार? बाईंनी ओल्या हळदीचं बोट प्रत्येक लगडीच्या सूर्यावर दाबून फिरवलं. कुंकवाचा एक एक ठिपका बाजूला, दिसायला. शिलाईवाल्या वहिनीने तर डोळे मिटून नमस्कार केला. तिला काही माहीत नव्हतं. कुणालाच सांगितलं नव्हतं.

दुपारी बाई थान्यात आल्या. तक्रार त्यांनी घरूनच लिहून आणली होती, मोत्यासारख्या अक्षरात. माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "लाल झालं तर दाखल कर. नाही झालं तर फाडून टाक, मी त्याची माफी मागेन."

टीआय साहेबांनी वाचली. शेवटी एक वाक्य होतं: 'या स्त्रियांनी आपलं सोनं माझ्या सांगण्यावरून दिलं आहे.'

"ये लाइन काट दो, बाईजी," साहेब म्हणाले. "उसका वकील कोर्ट में यही पकड़ेगा. कहेगा आप मिली हुई थीं."

"साहेब, खोटं आहे का ते?"

"झूठ तो नहीं, पर..."

"मग राहू द्या."

साहेबांनी तक्रार तशीच माझ्याकडे परत दिली. त्यांनी वरिष्ठांना फोन करून परवानगी घेतली, दोन पंच बोलावले. निघताना हवालदाराची तंबाखूची डबी माझ्यापुढे धरली. "लो मॅडम. चूना अब तक वो लगा रहा था, आज आप लगाओ."

संध्याकाळी खजरान्याकडचा हॉल भरलेला. मी साध्या साडीत, डोक्यावर पदर, उजव्या हाताच्या अंगठ्यावर ओला चुना. साहेब आणि पंच बाहेर गाडीत. तीच मखमल, तशाच दहा लगडी, सर तेच म्हणत होते, "ये आपके केंद्र का सोना है, इसे किसी ने छुआ नहीं." कुंकू कुठेच नव्हतं. नीट पुसलेलं. तिघा-तिघांना पुढे बोलावत होते. माझी पाळी आली. सांगते, तीस वर्षं मी गुन्हेगार धरले, पण असा पेच कधी पडला नव्हता. लाल झालं नाही तर पर्समधली बाईंची तक्रार फाडून त्यांना माफी मागायला लावायची होती, आणि झालं तर अर्ध्या कॉलनीचं सोनं बुडालेलं होतं. कोणतं व्हावं अशी इच्छा करायची तेच कळेना.

लगड हातात घेतली. जड. सूर्यावर अंगठा दाबला, गोल फिरवला, उचलला.

सूर्याच्या एकेका किरणात लाल रेघ उमटली. हळूहळू, जशी कापसाची वात तेल पिते तशी.

मी दुसरी लगड उचलली. तीही लाल. तिसरी उचलताना सरांनी माझ्या हाताकडे बघितलं आणि विचारलं, "बहनजी, क्या लगा रही हो?"

"कुंकू," मी म्हटलं, मराठीतच, आणि पदर डोक्यावरून काढला. दारात उभ्या आरक्षकाला तेवढी खूण पुरेशी होती. साहेब आत आले. पंचांसमोर उरलेल्या लगडींवर चुना लावून दाखवला, दहाच्या दहा लाल. जप्ती झाली, पंचनामा तिथेच लिहिला. हळद आणि चुना हे शब्द मी पंचनाम्यात त्याआधी कधी लिहिले नव्हते.

चौकशी माझ्याकडेच होती. पहिले दोन दिवस त्याने तोंड उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी उलट मलाच विचारलं, अगदी शांतपणे. "मॅडम, मी काय वेगळं केलं? बँकेत शंभर लोकांनी पैसे ठेवले, सगळे एकदम मागायला गेले, तर देईल का? नाही देणार. नोटेमागे सोनं आहे का? नाही. त्यांनी केलं तर व्यवस्था, मी केलं तर चारसौबीसी?"

 मी फाईल बंद केली आणि बाहेर आले. त्या संध्याकाळी बाईंकडे गेले आणि त्याचा प्रश्न जसाच्या तसा त्यांच्यापुढे ठेवला.

बाईंनी आधी चहा केला. मग म्हणाल्या, "प्रश्न चांगला आहे गं. शिकवायचा चांगलाच तो. असं बघ. नोटेमागे सोनं नाही, हे सरकार लपवतं का? नाही. उघड सांगतं. तीच नोट महापालिका घरपट्टीत घेते, वीजमंडळ बिलात घेतं, कोर्ट दंडात घेतं, म्हणून ती चालते. तिच्यामागे आपण सगळे कर भरणारे आहोत, आणि ज्यांनी छापली त्यांच्यावर कायदा बसलाय. बँक सगळा पैसा कपाटात ठेवत नाही, तेही सगळ्यांना ठाऊक आहे. तो कर्जाने दिलेला असतो, कुणाला दिला ते वहीत असतं, वही तपासणारा वेगळा, त्याच्यावर आणखी एक. काही ठरावीक रकमेपर्यंत विमा असतो. म्हणून काय बँका बुडत नाहीत? बुडतात. पण कुठे बघायचं ते माहीत असतं. याने काय केलं? सोनं आहे म्हणाला, आणि एकच सोनं दोन घरांना 'तुमचंच' म्हणून दाखवलं. तपासणाराही तोच. वचन मोडणं वेगळं, आणि एकच वचन दोघांना विकणं वेगळं."

हे मी वहीत लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्याच्यासमोर बसून वाचून दाखवलं. तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, "ये किसने कहा?" मी सांगितलं, ज्यांनी तुम्हाला कॉलनीत आणलं त्यांनी. त्याने पाणी मागितलं. त्यानंतर तो बोलला. बाकीचं सोनं कुठे विकलं, कोणाकडे गहाण आहे, सगळं. राजेंद्र नगरात त्याला खरंच सुरुवातीला प्रामाणिक राहायचं होतं, असंही म्हणाला. असेल. मी लिहून घेतलं, पण त्याने सोनं वाढत नाही.

बाईंचं खरं मोठेपण मला त्यानंतर दिसलं. जप्तीनंतर आठेक दिवसांनी त्या थान्यात आल्या आणि रुमालातून तो वीस ग्रॅमचा तुकडा काढून माझ्यापुढे ठेवला.

"हा पण जप्तीत घे."

"बाई, हा तुमचा आहे. तुम्ही वेळेत परत घेतलात."

"अगं, हा त्यांच्याच पाटल्यांतून कापून दिला असणार. मला पूर्ण, आणि त्यांना उरेल ते? असं कसं?"

मी नियमात बसवून त्यांचं निवेदन घेतलं आणि तुकडा बाकी मालासोबत सरकारी कोषालयात पाठवला. सही करताना साहेबांनी टोपी काढली होती. मुद्दाम नव्हे, पण काढली होती.

पुढचे दिवस बाईंना कठीण गेले. कॉलनीत बातमी पसरली आणि बायकांचा पहिला राग सरांवर नाही, बाईंवर निघाला. शिलाईवाली वहिनी त्यांच्या घरासमोरून मान वळवून जायची. माझ्यासमोर एकदा म्हणाली, "त्यांना काय, पेन्शन आहे. माझ्या म्हाताऱ्या सासूने मरताना हातातून काढून दिल्या होत्या पाटल्या." बाईंनी सफाई द्यायचा प्रयत्नही केला नाही. कोर्टात वकिलाने ते वाक्य काढलंच. "आपके कहने पर दिया, मतलब आप भी शामिल थीं?" बाई म्हणाल्या, "हो, माझ्या सांगण्यावरून दिलं. म्हणून तर मी पहिली इथे उभी आहे." न्यायाधीशांनी मान वर करून त्यांच्याकडे बघितलं.

गलाईवाल्याची साक्षही झाली. मण्यांच्या डब्यातल्या सोळा-सतरा पुड्यांतली पोवळी आणि गाठी बायकांनी ओळखल्या, त्यामुळे सोनं त्यांचंच हे ठरलं. सराफ्यात काही दिवस लोक त्याला टोमणे मारायचे, "क्यों भिया, गिऱ्हाईक को थाने छोड़ने का क्या लेते हो?" तो म्हणायचा, "फुकट सोडतो. या, बसा."

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं पुष्कळ जण विचारतात. एक म्हणजे, कुणी सोनं दाखवलं की सोन्याकडे बघू नका, दाखवणाऱ्याला विचारा की हे आणखी कुणाकुणाला दाखवलं. दुसरं म्हणजे, शिकवण खरी असली म्हणून शिकवणारा खरा होत नाही. मी नंतर नोटेबद्दल, सोन्याबद्दल मिळेल ते वाचलं, मुलाला इंटरनेटवर शोधायला लावलं. सोनं चांगलंच आहे, मी काही त्याच्या विरुद्ध नाही, माझ्या बांगड्या अजून माझ्या हातात आहेत. पण सोनं स्वतः काही बोलत नाही. ते कुणाचं, किती, कुठे, हे माणसानेच सांगावं लागतं. आणि ते सांगताना माणसाने एखादं वाक्य खोडायला नकार दिला तर त्याची किंमत मला आता कळते.

शेवटचं सांगते आणि थांबते. दोन वर्षांनी कोर्टाचा आदेश झाला. रुपयात दहा आणे म्हणावं एवढं सोनं सगळ्यांच्या वाट्याला आलं. मी तेव्हा निवृत्तीला आले होते, पण त्या दिवशी मुद्दाम गेले. कोर्टाच्या आवारात बायकांची रांग, एकेकीचं वजन होऊन पुडी मिळायची, मग पलीकडच्या टेबलावर तीन कागदांवर सही. बाई रांगेत नव्हत्या. सगळ्यात शेवटी घेईन म्हणाल्या होत्या. भिंतीशी एकट्या उभ्या होत्या, पर्स छातीशी धरून.

शिलाईवाल्या वहिनीची पुडी झाली. सहीच्या टेबलावर गर्दी होती, पेन हातोहात फिरत होतं. तिने इकडे तिकडे बघितलं. माझ्याकडेही बघितलं, मी वर्दीत होते. मग ती चालत भिंतीपाशी गेली, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा बाईंशी बोलली.

"बाई, हे जरा धरा. मी सही करून येते."

पुडी त्यांच्या हातात ठेवली आणि मागे वळूनही न बघता टेबलाकडे गेली.